प्रो फुटबॉल रेफरन्स: श्रेष्ठ रनिंग बॅक ठरवताना हा गुणतक्ता किती साथ देतो

धाराशिव जिल्ह्यात खो-खोच्या सामन्यांना गुणलेखक म्हणून बसायला लागल्याला मला बावीस वर्षे झाली. पळणाऱ्याने मैदानावर किती मिनिटे, किती सेकंद काढले आणि पाठलाग करणाऱ्याने किती गडी टिपले, हे तक्त्यात बिनचूक भरणे हे माझे काम. डलासला नोकरीस असलेला माझा भाचा गेल्या दिवाळीत घरी आला आणि अमेरिकन फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक कोण, या वादात त्याने मला ओढले, तेव्हा मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की त्या खेळाचा गुणतक्ता कुठे पाहायला मिळतो. त्याने फोनवर प्रो फुटबॉल रेफरन्स हे संकेतस्थळ उघडून दिले. तेव्हापासून मी ते जवळजवळ रोज वापरत आलो आहे, आणि हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. क्वार्टरबॅक एक तर चेंडू फेकतो किंवा रनिंग बॅकच्या हातात देतो, आणि मग हा गडी चेंडू पोटाशी आवळून समोरच्या अकरा जणांच्या गर्दीत शिरतो. त्याच्याच संघातले पाच धिप्पाड खेळाडू पुढे फळी धरून त्याच्यासाठी वाट मोकळी करत असतात. तो जितके यार्ड पुढे जाईल तितके त्याच्या एकट्याच्या नावावर जमा होतात, आणि सगळ्या वादाचे मूळ याच नोंदीत आहे.

हे संकेतस्थळ डग ड्रिनन या गणिताच्या प्राध्यापकांनी २००० साली सुरू केले आणि पुढे ते स्पोर्ट्स रेफरन्स या मोठ्या कुटुंबात सामील झाले. मूळ माहिती पाहण्यासाठी पैसे पडत नाहीत. जाहिराती असतात, आणि बारीक निकष लावून शोध घ्यायचा असेल तर स्टॅटहेड नावाची वेगळी, पैसे भरून मिळणारी सोय आहे. मला तिची गरज भासली नाही. सगळा मजकूर इंग्रजीत आहे, पण तक्त्यांच्या मथळ्यांतील दहा-बारा संक्षेप एकदा समजले की भाषेची फारशी अडचण राहत नाही. पाने मुख्यतः अक्षरे आणि आकडे यांचीच असल्यामुळे आमच्याकडे लाईट गेल्यावर मोबाइलच्या अशक्त नेटवर्कवरही ती उघडतात. फोनवर रुंद तक्ते आडवे सरकवत पाहावे लागतात आणि तसे करताना मथळा व आकडा यांची सांगड कधी कधी सुटते, म्हणून शक्य असेल त्यांनी संगणकच वापरावा.

भाच्याने वादाची सुरुवात सर्वांत सोप्या तक्त्याने केली. कारकिर्दीतील एकूण यार्डांच्या यादीत एमिट स्मिथ पहिला आहे: १९९० ते २००४ या पंधरा हंगामांत १८,३५५ यार्ड आणि धावून केलेले १६४ टचडाउन (टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या गोलक्षेत्रात पोहोचवणे). दुसरा वॉल्टर पेटन, १६,७२६. "मामा, विक्रम त्याच्या नावावर आहे, मग वाद राहिलाच कुठे?" असे तो म्हणाला. मी त्याला म्हटले, "अरे, जरा खाली बघ, तिसऱ्या क्रमांकावर कोण आहे?" तिथे फ्रँक गोर आहे, नेमके १६,००० यार्ड, आणि चौथ्या क्रमांकावर १५,२६९ यार्डांचा बॅरी सँडर्स. गोर सोळा हंगाम टिकला आणि त्याची चिकाटी अलौकिकच म्हणावी लागेल, पण तो सँडर्सपेक्षा श्रेष्ठ होता असे म्हणायला माझा भाचाही तयार झाला नाही. तेव्हा एकूण बेरीज म्हणजे श्रेष्ठता नव्हे, एवढे तिथेच मान्य झाले.

या संकेतस्थळाचा माझ्या मते सर्वांत मोठा गुण इथे दिसतो. तक्त्याच्या कोणत्याही रकान्याच्या मथळ्यावर बोट ठेवले की संपूर्ण यादी त्या रकान्याप्रमाणे पुन्हा लागते. एका हंगामात दोन हजार यार्डांचा टप्पा २०२४ च्या हंगामापर्यंत नऊ जणांनी ओलांडला. एकूण यार्डांनुसार पाहिले तर १९८४ चा एरिक डिकरसन २,१०५ यार्डांसह सर्वांत वर येतो आणि १९७३ चा ओ. जे. सिम्पसन २,००३ यार्डांसह नवव्या जागी, म्हणजे तळाला जातो. प्रति सामना यार्डांच्या रकान्यावर बोट ठेवले की तळाचा सिम्पसन थेट शिखरावर येतो, १४३.१ यार्ड, कारण त्याचा हंगाम चौदा सामन्यांचा होता आणि डिकरसनचा सोळा सामन्यांचा. हे पुनःपुन्हा करून पाहताना मला फार समाधान वाटले. एकाच कागदावरची तीच माणसे, त्यांचे तेच पराक्रम, आणि प्रश्न बदलला की पंगतीतली जागा बदलते.

हंगामांच्या लांबीचा हा फरक वादात सतत लक्षात ठेवावा लागतो. नॅशनल फुटबॉल लीगचा हंगाम १९६० पर्यंत बारा सामन्यांचा होता, १९६१ पासून चौदा, १९७८ पासून सोळा आणि २०२१ पासून सतरा सामन्यांचा झाला. खेळाडूच्या पानावर त्या त्या वर्षी तो किती सामने खेळला हे दिलेले असते, पण मुळात किती सामने व्हायचे होते हे त्या ओळीत वाचकाला आयते मिळत नाही. पेटनच्या १९८२ च्या ओळीत नऊ सामने दिसतात, तेव्हा नवख्या माणसाला तो जखमी होता असे वाटेल. प्रत्यक्षात खेळाडूंच्या संपामुळे त्या वर्षी सर्वांचाच हंगाम नऊ सामन्यांचा झाला होता. खेळाडूच्या पानातच अशी एक छोटी टीप असती तर बरे झाले असते.

आता जिम ब्राउनचे पान. ज्या आकड्यात खेळाडूने त्या वर्षी संपूर्ण लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला असेल तो आकडा इथे ठळक छापतात. ब्राउन १९५७ ते १९६५ असे नऊच हंगाम खेळला. यार्डांच्या रकान्यावरून नजर खाली आणत गेलो तर ठळक, ठळक, ठळक, ठळक, ठळक, मग १९६२ मध्ये एकच साधा आकडा, ९९६, आणि पुन्हा तीन ठळक. नऊपैकी आठ वर्षे तो लीगमध्ये पहिला होता. मी आयुष्यभर तक्ते भरत आलो आहे, पण एका रकान्याने मला इतके स्तब्ध केल्याचे आठवत नाही. ११८ सामने, एकही चुकवलेला नाही, १२,३१२ यार्ड, प्रत्येक धावेला (चेंडू घेऊन एकदा पळणे म्हणजे एक धाव) सरासरी ५.२ यार्ड, प्रत्येक सामन्याला १०४.३. आणि तिशीत, पहिल्या क्रमांकावर असतानाच, त्याने खेळ सोडला.

भाच्याचा आक्षेप असा होता, की त्या काळचे बचावपटू आजच्यापेक्षा हलके आणि हळू होते. आक्षेप योग्य आहे, आणि हे संकेतस्थळ त्याचे पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. मात्र ते एक पर्यायी वाट दाखवते. खेळाडूची तुलना पन्नास वर्षांनंतरच्या माणसाशी करण्याऐवजी त्याच्याच वर्षाच्या यादीशी करावी, आणि त्या वर्षाची यादी एका क्लिकवर मिळते. आपल्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा कोण किती पुढे होता, हा निकष लावला तर मला ब्राउनच्या जवळपास कोणी दिसत नाही.

सँडर्सच्या बाबतीत सामनानिहाय नोंदी फार बोलक्या आहेत. १९९७ च्या हंगामातील पहिल्या दोन सामन्यांत मिळून त्याचे अवघे ५३ यार्ड झाले होते. त्यापुढच्या चौदाही सामन्यांत त्याने शंभर किंवा त्याहून अधिक यार्ड केले आणि हंगाम २,०५३ वर संपवला, प्रत्येक धावेला ६.१ यार्ड या सरासरीने. दोन वर्षांनी, पेटनचा तेव्हाचा विक्रम केवळ १,४५७ यार्डांवर असताना, त्याने गावाकडच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून निवृत्ती जाहीर केली. डेट्रॉईटच्या संघाने त्याच्या दहा वर्षांत बाद फेरीचा एकच सामना जिंकला, आणि यात त्याचा दोष किती हे कोणत्याही रकान्यात लिहिलेले नाही.

उलट स्मिथच्या बाजूने बोलणारा पुरावाही याच तक्त्यात आहे, आणि भाच्याने तो नेमका शोधून काढला. १९९३ मध्ये कराराच्या वादामुळे स्मिथ पहिले दोन सामने खेळला नाही आणि डलासचा संघ ते दोन्ही हरला. उरलेल्या चौदा सामन्यांत १,४८६ यार्ड करूनही तो लीगमध्ये पहिला आला आणि संघाने अजिंक्यपद मिळवले. साखळीच्या शेवटच्या सामन्याची ओळ पाहिली तर ३२ धावा, १६८ यार्ड आणि पकडलेले १० चेंडू एवढेच दिसते. त्या सामन्यात त्याचा खांदा निखळला होता आणि तरीही तो ज्यादा वेळेपर्यंत खेळला, हे त्या ओळीत कुठेच नाही. तसेच २० नोव्हेंबर १९७७ च्या ओळीत पेटनच्या नावापुढे ४० धावा आणि २७५ यार्ड आहेत. तो त्या दिवशी फ्लूने आजारी होता याची नोंद तक्त्याला ठाऊक नाही.

हा दोष संकेतस्थळाचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण माझ्या स्वतःच्या तक्त्यातही तीच उणीव राहत आली आहे. सारिका काळे यांच्यासारखी अर्जुन पुरस्कार मिळवणारी खो-खोपटू ज्या जिल्ह्याने दिली, तिथे पळतीचे सेकंद मोजण्याबाबत कोणी हयगय करत नाही. पण तुकडीतील पहिल्या दोघांनी पाठलाग करणाऱ्यांना खांबापासून खांबापर्यंत दमवले म्हणून तिसरा अडीच मिनिटे टिकला, हे आम्ही लिहीत नाही. सेकंद तिसऱ्याच्याच नावावर चढतात. रनिंग बॅकपुढच्या पाच जणांच्या फळीचे अगदी तसेच आहे. स्मिथच्या पुढे लॅरी ॲलन, नेट न्यूटन, एरिक विल्यम्स यांच्यासारखे खेळाडू होते. त्यांच्या पानांवर सामने, गौरव आणि निवडी दिसतात, पण त्यांनी मोकळ्या केलेल्या वाटेचे यार्ड मात्र कुठेच दिसत नाहीत. अलीकडच्या हंगामांसाठी या संकेतस्थळाने प्रतिस्पर्ध्याचा स्पर्श होण्यापूर्वीचे आणि स्पर्शानंतरचे यार्ड वेगळे दाखवायला सुरुवात केली आहे, आणि हा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण फळीचे श्रेय आणि धावणाऱ्याचे श्रेय त्यामुळे निदान काही अंशी वेगळे होते. ब्राउन, पेटन, सँडर्स आणि स्मिथ यांच्यासाठी मात्र तो रकाना रिकामाच राहणार.

ड्रिनन यांनी कोणत्याही जागेवरच्या खेळाडूचे मोल एका आकड्यात सांगणारी एक पद्धतही तयार केली आहे आणि तिचे नाव त्यांनी प्रामाणिकपणे 'अंदाजे मूल्य' असेच ठेवले. हंगाम चाळताना तिचा उपयोग होतो. वाद मिटवण्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

जुने सामने प्रत्यक्ष पाहावेत म्हणून मी एका दुसऱ्या सेवेची वर्षभराची वर्गणीही भरली होती. तिचे नाव इथे देत नाही. मला हवे होते त्या काळातले सामने तिथे जवळजवळ नव्हतेच आणि ग्राहक सेवेकडून दोन महिन्यांत उत्तर आले नाही. त्या तुलनेत एक पैसाही न घेता १९५७ च्या हंगामापर्यंत बोट धरून नेणारे हे संकेतस्थळ अधिकच मोठे वाटले.

माझा क्रम ब्राउन, पेटन, सँडर्स, स्मिथ असा ठरला आहे. पेटनला मी दुसरे स्थान देतो ते त्याच्या एकूण यार्डांसाठी नव्हे. तेरा हंगामांत त्याने केवळ एक सामना चुकवला, ४९२ चेंडू पकडले आणि क्वार्टरबॅक नसूनही आठ टचडाउन फेकून मिळवून दिले. हे तिन्ही आकडे एकाच पानावर, पण वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात आणि तिन्ही वाचले तरच तो माणूस पूर्ण दिसतो. पाचव्या जागेवर माझे मन अजून गेल सेअर्सकडे ओढ घेते. गुडघ्यांच्या दुखापतींमुळे त्याची कारकीर्द ६८ सामन्यांत संपली, एकूण यार्ड पाच हजारांपेक्षाही कमी, ४,९५६. तरीही चौतिसाव्या वर्षी त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतले गेले. भाचा या जागी लाडेनियन टॉमलिन्सनला धरून बसला आहे, आणि २००६ मधील ३१ टचडाउन पाहता त्याच्याकडे जोरदार आधार आहे. स्मिथला चौथा ठेवल्याबद्दल तो माझ्यावर अजून नाराज आहे.

पाच तारे द्यायचे असतील तर मी साडेचार देईन. अर्धा तारा हंगामाच्या लांबीची टीप नसल्याबद्दल आणि फोनवरच्या गैरसोयीबद्दल राखून ठेवतो. क्रीडाशिक्षक, पंच आणि विशेषतः गुणलेखक यांनी हे संकेतस्थळ, फुटबॉलमध्ये रस नसला तरी, केवळ नोंदी कशा ठेवाव्यात हे पाहण्यासाठी आठवडाभर वापरून बघावे. यंदाच्या तालुका स्पर्धेसाठी, मैदानावर फक्की टाकायचे काम चालू असताना, मी माझ्या गुणतक्त्यात पट्टी धरून दोन नवे रकाने आखून घेतले आहेत: पळणारा तुकडीत कितवा होता, आणि तो आत आला तेव्हा डावाची किती मिनिटे उलटली होती.