तीनपदरी दोरा: सात महिने, दीडेकशे ब्लाउज

आधी कबुली देते. इतकी वर्षं मी दोरा फक्त रंग बघून घेत आले. साडीचा काठ घेऊन तुळशीबागेत जायचं, जुळणारं रीळ उचलायचं, झालं. पण दिवाळीच्या तोंडावर खणाचे ब्लाउज शिवताना दर दोन टिपांनी दोरा तुटायला लागला. सुई बदलली, टेन्शन सैल केलं, तेल घातलं. शेवटी दोऱ्याचं टोक उकलून पाहिलं तर दोनच पदर, आणि त्यातला एक मध्येच केसासारखा बारीक.

मग ६०/३ चा, म्हणजे ६० नंबरच्या सुताचे तीन पदर पिळलेला, स्पन (आखूड तंतू कातून केलेल्या) पॉलिएस्टरचा कोन, म्हणजे मोठं निमुळतं रीळ, आणला. आधीचा होता ४०/२. गंमत म्हणजे दोन्हींची जाडी जवळपास सारखीच. ४० नंबर म्हणजे एक पौंड सुताच्या ८४० वारी ४० लडी, त्यामुळे आकडा वाढला की सूत बारीक होतं. ४० भागिले २ आणि ६० भागिले ३, उत्तर २०च. पण तिसऱ्या पदरामुळे दोरा गोल होतो आणि एका पदराची बारीक जागा बाकीचे दोन झाकतात. सुई तीच १४ नंबरची ठेवली, तरी तुटणं जवळजवळ थांबलं. टाक्यात बसण्याआधी दोरा नेढ्यातून कित्येकदा मागेपुढे घासतो, तिथेच दोनपदरी मार खायचा.

मध्ये शहाणपणा म्हणून दोन रिळं एकत्र ओवून जाड टीप मारून पाहिली. एक दोरा ताठ, दुसऱ्याचे खाली झुबके! नुसते शेजारी धावणारे दोरे म्हणजे पदर नव्हेत, त्यांना पीळ लागतो, तोही सुताच्या पिळाच्या उलट. (आजोबा टकळीवर जानव्याचं सूत काढायचे, ते पदर एकत्र करताना टकळी उलटी का फिरवायचे ते आत्ता कळलं.) शिलाईच्या दोऱ्याचा शेवटचा पीळ बहुधा झेडच्या मधल्या रेघेसारखा तिरका असतो. उलट पिळाचा दोरा मशीनमध्ये उकलत जातो.

तक्रारी? एका कोनात गाठी निघाल्या, दुकानदाराने बदलून दिला नाही. कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली दोऱ्याची फूस साठतेच, आठवड्याला ब्रश मारावा लागतो. रंग कमी मिळतात, मोरपिशी तर तीन दुकानं फिरूनही नाही. आणि सुती कपड्यावर कडक इस्त्री फिरवताना हात जरा आवरावा लागतो, दोरा शेवटी पॉलिएस्टरच.

जुना दोनपदरी टाकला नाही. कच्च्या टिपेला चालतो. तिथे तो तुटला की उलट उसवायचे कष्ट वाचतात.