फिरता कलाकट्टा: हातगाडी, जोडचौकट की कंटेनर?

वस्तीत चित्रं काढायला, गाण्याची तालीम करायला, मातीत हात घालायला जागा हवी आहे. इमारत बांधायला जमीन नाही. एक रिकामा कोपरा मिळालाय, पण तो कधी सोडावा लागेल याचा नेम नाही. अशा वेळी हलवता येणारा कलाकट्टा हा विचार पुढे येतो, आणि पहिल्याच बैठकीत फाटे फुटतात. कुणाला कंटेनर हवा असतो, कुणाला चाकांची गाडी, कुणाला खोलून पुन्हा जोडता येईल असा मांडव.

हे पर्याय तोलताना मी एकच प्रश्न आधी विचारते: आठवड्यातल्या कुठल्याही साध्या संध्याकाळी, आर्किटेक्ट आणि संस्थेची माणसं आसपास नसताना, हे कोण उघडणार आणि कोण हलवणार? उत्तरात वस्तीतल्या माणसांची नावं आली नाहीत, तर आराखडा कितीही बैठका घेऊन ठरवलेला असो, जागा वस्तीची होत नाही.

कंटेनर

बहुतेक ठिकाणी पहिलं नाव याचंच निघतं, आणि ते उगाच नाही. भिंती, छप्पर, कुलूप सगळं आयतं मिळतं. रंग, कागद, वाद्यं रात्री आत ठेवून निर्धास्त घरी जाता येतं. पावसातही वर्ग बुडत नाही. मुलांची चित्रं महिनाभर भिंतीवर राहू शकतात, आणि ज्या मुलाचं चित्र लागलंय त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट असते.

आता मापं बघा. २० फुटी कंटेनर बाहेरून सुमारे ६.१ मीटर लांब आणि २.४४ मीटर रुंद असतो. रिकामा असतानाच त्याचं वजन सव्वादोन टनांच्या घरात जातं. आतली रुंदी २.३५ मीटर. मधोमध ९० सेंटीमीटर रुंदीचं टेबल टाकलं की दोन्ही बाजूंना जेमतेम सत्तर-बहात्तर सेंटीमीटर उरतात. तिथे खुर्च्या मांडून मुलं बसली की त्यांच्या पाठीमागून कुणाला जाता येत नाही. चाकाच्या खुर्चीला तर वावच नाही. मग टेबलं भिंतीला लागतात, सगळे भिंतीकडे तोंड करून बसतात आणि एकमेकांचं काम बघत शिकणं संपतं. एक बाजू कापून मोठी झडप करता येते, पण पन्हळी पत्रा हा त्या डब्याच्या ताकदीचाच भाग असतो. जेवढा कापाल तेवढी कडेने लोखंडी चौकट वेल्डिंग करून घ्यावी लागते. जुन्या मालवाहू कंटेनरच्या लाकडी तळाला सहसा कीटकनाशक लावलेलं असतं, त्यामुळे लहान मुलं जमिनीवर बसणार असतील तर तो तळ बदलून घ्या. इथे काटकसर करू नका. उन्हाचा प्रश्न वेगळाच: आतून उष्णतारोधक थर दिला नाही तर दुपारी आत बसवत नाही, आणि थर दिला की रुंदी आणखी घटते.

हलवायचं म्हटलं की क्रेन किंवा तशा सोयीची मोठी गाडी लागते. ती वळेल एवढा रस्ता हवा आणि वर तारांचं जाळं नको. म्हणजे कधी हलवायचं हे वस्ती ठरवत नाही, क्रेनवाल्याची तारीख ठरवते. एका जागेवर दोन-तीन वर्षं राहण्याची लेखी हमी असेल, तरच कंटेनरचा विचार करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हातगाडी

दुसऱ्या टोकाला चाकांवरची गाडी. तिच्यात खोली नसते. कपाट, घडीची टेबलं, चित्रं टांगायच्या फळ्या आणि वर उघडणारं कापडी छत, एवढाच संसार. गाडी थांबते तिथली जमीन हीच कट्ट्याची जमीन, आणि तिचा सगळ्यात मोठा गुण इथेच आहे. उंबरा नाही, पायरी नाही. चाकाची खुर्ची थेट टेबलापाशी येते. गाडीऐवजी आत चढून बसायचा ट्रेलर घेतला आणि त्याचा तळ जमिनीपासून ६० सेंटीमीटर वर असेल, तर एकास बारा (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) या प्रचलित उताराने रॅम्प सात मीटरच्या वर जातो. तो ठेवायचा कुठे आणि रोज लावायचा कुणी? गाडीला हा प्रश्नच पडत नाही.

दुसरा गुण डोळ्यांना दिसणारा. आत कुणी बोलावेल का, आपल्याला येतं का, असे विचार करत दारापाशी घुटमळणारी माणसं प्रत्येक वस्तीत असतात. गाडीला दारच नसल्याने ती आधी नुसती बघत उभी राहतात आणि मग कधीतरी ब्रश उचलतात.

मात्र गाडी करताना मापात चूक झाली तर ती पहिल्या महिन्यातच कोपऱ्यात पडते. रुंदी ८० सेंटीमीटरच्या आत ठेवली तर ती अरुंद बोळातून आणि बहुतेक दारांतून जाते. चाकं मोठी घ्या, ४० सेंटीमीटर व्यासाच्या खाली नको. छोटी चाकं गटाराच्या जाळीत आणि खड्ड्यात अडकतात. दोन चाकांना ब्रेक हवेतच. भरलेली गाडी दोघांना सहज ढकलता यावी. ती ढकलून बघायला तरुण मुलांऐवजी साठीच्या दोन बायकांना सांगा. त्यांना जमलं तर सगळ्यांना जमेल.

पॅरिसच्या ला शापेल भागात २००१ मध्ये रहिवाशांसोबत सुरू झालेला ‘इकोबॉक्स’ हा प्रकल्प या वाटेवरचा पाहण्यासारखा दाखला. लाकडी पॅलेटवर (माल रचायच्या फळ्यांच्या चौकटींवर) उभारलेली बाग आणि सोबत स्वयंपाकघर, वाचनालय, कारागिरी अशा कामांची सुटी, हलती युनिटं. जागा सोडायची वेळ आली तेव्हा बाग दुसरीकडे गेली, आणि ती चालवणारी माणसंही प्रकल्पासोबत राहिली.

गाडीची मर्यादा उघड आहे. जोराचा पाऊस आला की काम बंद. ओलं चित्र, अर्धवट शिल्प ठेवायला जागा नाही. तालमीला लागणारी शांतता मिळत नाही. एका वेळी दहा-पंधरा जण, त्याहून जास्त नाहीत.

जोडचौकट

खांब, आडव्या पट्ट्या, फळ्या आणि छत असे सुटे भाग एका टेम्पोत मावतात आणि दोन-तीन तासांत उभे राहतात. मला हा पर्याय सगळ्यात जवळचा वाटतो, कारण इथे बांधणं हेच शिकणं होतं. वॉल्टर सेगल या वास्तुरचनाकाराने लंडनच्या लुईशॅम भागात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून लोकांना स्वतःची घरं स्वतः बांधता येतील अशी पद्धत वापरली. हलकी लाकडी चौकट, बाजारात मिळणाऱ्या मापाचे तक्ते शक्यतो न कापता आणि ओलं बांधकाम टाळून. पूर्वी कधी करवत न धरलेल्यांनी ती घरं उभारली. कलाकट्ट्यासाठी यातून घ्यायचं ते हेच, की माप बाजारातल्या तक्त्याचं ठेवा. ८ बाय ४ फुटी, १८ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड तीस किलोच्या वर भरतं, दोघं लागतातच. तोच तक्ता अर्धा केला तर एकट्यालाही हाताळता येतो.

बोल्ट सगळीकडे एकाच मापाचे, म्हणजे एकच पाना पुरतो. प्रत्येक सांध्यावर दोन्ही भागांना एकाच रंगाचा ठिपका द्या: लाल लालला, पिवळा पिवळ्याला. वाचता न येणारी व्यक्तीही मग जोडणी चालवू शकते. नट-बोल्ट हरवतात, त्यामुळे ते भागालाच साखळीने अडकवून ठेवा.

वाऱ्याचा हिशेब मात्र अनुभवी माणसाकडून करून घ्या. ताशी ५४ किलोमीटरचा वारा समोरून आला तर दर चौरस मीटरला सुमारे १३५ न्यूटन दाब पडतो. एका ८ बाय ४ फुटी तक्त्यावर तो ४०० न्यूटन होतो, म्हणजे चाळीस किलो वजनाएवढा धक्का, आणि तोही उभ्या फळीच्या अंगावर. जमिनीत खुंट्या ठोकता येत नसतील तर पाण्याने भरलेले कॅन खांबांना बांधा; रिकामे कॅन वाहून न्यायला सोपे जातात. तरी किती कॅन हे अंदाजाने ठरवू नका. जोराच्या वाऱ्यात फळ्या काढून ठेवायच्या, हा नियम पहिल्या दिवसापासून सर्वांना माहीत हवा.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहरात भूकंपानंतर ‘गॅप फिलर’ या गटाने २०१२ मध्ये हजारो लाकडी पॅलेट वापरून स्वयंसेवकांच्या हातून एक मोकळं सभास्थान उभारलं. २०१४ मध्ये ते उतरवलं. कार्यक्रमांनी ते गजबजलेलं असे. पण एवढं उघडं लाकूड म्हणजे आगीची भीती, म्हणून चोवीस तास पहारा ठेवावा लागला आणि तो मोठा खर्च ठरला. उभारणीचा हिशेब करताना राखणीचा हिशेब सुटतो, तो असा अंगावर येतो.

हवेवर फुगणारे तंबू मुलांना वेड लावतात, पण पंखा सतत चालू लागतो. रोजच्या कट्ट्याला ते नकोत. उत्सवापुरते भाड्याने आणा.

लोकांना विचारणं आणि लोकांनी ठरवणं

वस्तूइतकाच पद्धतीचाही पर्याय असतो. नागरिकांच्या सहभागावर लिहिणाऱ्या अमेरिकन अभ्यासक शेरी अर्न्स्टाइन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. ‘सल्लामसलत’ ही त्यातली चौथी पायरी, आणि ती त्यांनी नावापुरत्या सहभागात टाकली. तयार नकाशे भिंतीवर लावून आवडीला टिकल्या चिकटवायला सांगणं ही हीच पायरी. वेळ कमी लागतो, अहवाल छान होतो. पण नकाशा वाचता येणाऱ्यांचंच मत त्यात उमटतं.

त्यापेक्षा जमिनीवर खडूने खऱ्या मापाची रेघ मारा, खोक्यांची टेबलं करा आणि तिथेच तासभर चित्रांचा वर्ग घ्या. कुणाच्या पाठीवर ऊन येतं, आजी कुठे टेकतात, लहानगं रस्त्याकडे कुठून पळतं, हे लगेच दिसतं. मग लोक स्वतःच खोकी सरकवू लागतात. ती सरकवलेली खोकी मोजून घ्या; आराखडा तिथून सुरू करा. याला आठवडे जास्त लागतात. निधी देणाऱ्याला हे आधीच सांगा, आणि निधीतला एक हिस्सा काय बांधायचं हे न ठरवता मोकळा ठेवायला सांगा.

तर निवड कशी करावी? कोपरा अनिश्चित असेल, हाताशी चार-पाच उत्साही माणसं असतील, तर गाडीने सुरुवात करा. बारा-पंधरा जणांचा गट टिकून असेल आणि कोरड्या जागी सुटे भाग ठेवायची सोय असेल, तर जोडचौकट. महागडी वाद्यं किंवा भट्टीसारखं सामान असेल आणि जागेची हमी लेखी असेल, तर कंटेनर. मात्र त्याच्यासमोर जोडचौकटीचा मांडव घाला, म्हणजे डबा कोठार होईल आणि काम बाहेर उघड्यावर चालेल.

काहीही निवडा, पण पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी कागदावर आणा. रात्री आणि पावसाळ्यात हे कुठे राहणार, आणि किल्ल्या कुणाकुणाकडे असणार. एकाच माणसाकडे किल्ली असेल तर तो आजारी पडला की कट्टा बंद. तीन वेगवेगळ्या घरांत तीन किल्ल्या द्या, आणि त्यातलं एक घर बैठकांना कधीच न येणाऱ्यांपैकी असू द्या.