पाणी मोजायची टेप: तीन पावसाळ्यांनंतर

वस्तू साधी आहे. प्लास्टिकच्या फिरकीवर ५० मीटर पिवळी पट्टी, पट्टीच्या पोटात दोन बारीक तारा, टोकाला बोटाएवढी स्टीलची नळी. नळी पाण्याला टेकली की फिरकीतला भोंगा ओरडतो, लाल दिवा लागतो. कठड्यापाशी पट्टीवरचा आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे तिला थोडं बोलायचं आहे.

आमचं गाव पुरंदरच्या पूर्वेला. अंजीर, सीताफळ, वाटाणा, आणि पाणी दिसलं की हौसेनं ऊस. सात घरांनी वर्गणी काढून साडेआठ हजारांना ही टेप आणली. ठेवायची कुणाकडे, तर "वहिनी घरीच असतात" म्हणून माझ्याकडे. (घरीच म्हणजे दोन म्हशी, एकरभर अंजीर आणि सासूबाईंचं पथ्य.)

त्याआधी आमच्याकडे पाणी परसात, म्हणजे माणसाच्या उंचीत मोजत. "चार परस पाणी आहे" म्हणायचं. पण परस कुणाचा? आमचे चुलत सासरे नाना सहा फुटी, त्यांचे चार परस म्हणजे माझे पाच. भांडण लागलं की ज्याचा आवाज मोठा त्याची विहीर कोरडी.

आता वापराचं. पहिली गोष्ट, मोजायची जागा एकच हवी. आम्ही चौदा विहिरींच्या कठड्यावर तांबड्या रंगानं खूण केली आणि कठड्याची जमिनीपासूनची उंची प्रत्येक वेळी वजा करतो. दुसरी, मोटार निदान रात्रभर बंद हवी. हे सर्वांत अवघड. शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. म्हणून दिवसपाळीच्या आठवड्यात पहाटे, लाईट यायच्या आत, बॅटरी घेऊन फिरावं लागतं. चौदा विहिरींना दोन पहाटा लागतात. कुत्री ओळखीची असली तर दीड.

तिसरी, तारखा. आम्ही जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी याच चार महिन्यांत मोजते, म्हणून आम्हीही तेच धरले. वाटलं होतं, आकडे शेजारी शेजारी ठेवता येतील. त्याचं काय झालं ते पुढे.

टेपचे दोष. भोंगा फार हळवा आहे. विहिरीच्या पोटातला झरा पाझरत असेल आणि नळी त्या ओल्या दगडाला घासली, तरी ओरडतो. पहिल्याच मोजणीत एका विहिरीला मी ३.१ मीटर लिहिलं आणि बैठकीत मोठ्यानं वाचलंही. खरी पातळी ८.६ होती. तेव्हापासून नळी मधोमध सोडते आणि भोंगा वाजला की वर-खाली करून तीनदा खात्री करते. पट्टीचे पहिले काही मीटरचे आकडे कठड्याला घासून वर्षभरात पुसट झाले. आता खाली गोणपाट टाकते. ९ व्होल्टचा सेल बदलायला चार बारीक स्क्रू काढावे लागतात, आणि त्यातला एक पहिल्याच वर्षी विहिरीत गेला. बोअरमध्ये तर ही टेप सोडूच नका. पट्टी चपटी असल्यानं ओल्या केसिंगला चिकटते आणि मोटारीच्या केबलमध्ये अडकते. एकदा अडकली ती काढायला अख्खी दुपार गेली. बोअरसाठी गोल तारेची आणि बारीक नळीची टेप वेगळी मिळते. तसंही बोअरचं पाणी खालच्या थरातलं, विहिरीचं वरच्या. दोन्ही आकडे एका रकान्यात लिहिले तर हिशेब बिघडतो.

एवढ्यावर मी पाचपैकी तीन दिले असते. पण या टेपची किंमत मला दुसऱ्या वर्षी कळली.

गावात पाझर तलाव आहे. तो आणखी खोल करून द्या, असा ठराव आम्ही दरवर्षी करत आलो. कुणी धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे फोटो दाखवले, नाले केवढे खोल केलेत बघा. त्या वर्षी पुण्याहून एक भूशास्त्राची मुलगी आली होती. तिनं आमची वही मागितली आणि सगळ्या विहिरींत डोकावून भिंती पाहिल्या. वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या (कुजलेला, भेगा-पोकळ्यांचा खडक), त्याखाली काळा पाषाण. मांजऱ्या साधारण २२ फुटांपासून सुरू होतो आणि बहुतेक विहिरींना पाणी तिथूनच येतं. मग तिनं वहीतले मे आणि ऑक्टोबरचे आकडे नकाशावर मांडले. तलावाच्या खालच्या अंगाच्या नऊ विहिरी पावसाळ्यात चांगल्या चढल्या होत्या. वरच्या तिघींना तलाव भरो न भरो, काही फरक नव्हता. उरलेल्या दोन ओढ्यापलीकडे, त्यांचं गणित वेगळं.

ती म्हणाली, "तलाव मांजऱ्यापर्यंत पोचलेलाच आहे. आणखी खोल केलात तर काळ्या पाषाणात खड्डा होईल. पाणी दिसेल, मुरणार नाही. उन्हाळ्यात वाफ होऊन जाईल." शिरपूरचं काय, असं नानांनी विचारलं. तिकडे तापीकाठी गाळाचे जाड थर आहेत, पाणी गिळणारे. आपल्याकडे थर बशीसारखा उथळ. फोटो तिथला आणि खडक इथला, असं करता येत नाही.

खोलीकरणाचा ठराव त्या वर्षी झाला नाही. पाणाड्याचा नारळ, कंत्राटदाराचं जेसीबी आणि पुढाऱ्याचं भाषण यांना जे कधी थांबवता आलं नव्हतं, ते चार रकान्यांच्या वहीनं थांबवलं. मला त्या दिवशी टेप पुसून ठेवावीशी वाटली.

मग हिशेब. तोही इथे देते, कारण कुणालाही करता येतो. आपल्याकडच्या बेसॉल्टमध्ये पाणी राहतं ते भेगांत आणि पोकळ्यांत. कुजलेल्या, भेगाळ बेसॉल्टमधून प्रत्यक्ष हाताला लागतं ते त्याच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के. म्हणजे विहीर एक मीटर चढली तर जमिनीखाली एक मीटर पाणी आलेलं नसतं, दोन सेंटिमीटर आलेलं असतं. हे ऐकून बैठकीत काही क्षण कुणी बोललं नाही. आमच्या थराचा पसारा १२० हेक्टर धरला, सरासरी चढ ३ मीटर. गुणाकार केला की ७२,००० घनमीटर. सरकारी भाषेत ७२ टीसीएम (हजार घनमीटर), आपल्या भाषेत सात कोटी वीस लाख लिटर. ऐकायला धरण वाटतं. पाटानं भिजवलेल्या उसाला पावसाळा वगळून हेक्टरी १५,००० घनमीटर धरा. सगळ्या गावाचं पाणी बारा एकर उसात संपलं. गुरं, माणसं, अंजीर सगळे कोरडे.

त्यावरून ग्रामसभेत नियम झाला. ऑक्टोबरच्या मोजणीत चौदा विहिरींची सरासरी पातळी जमिनीपासून ७ मीटरपेक्षा खोल गेलेली असेल तर नवा ऊस नाही, आणि अंजिराचा मीठा बहार, म्हणजे उन्हाळ्यात येणारं पीक, निम्म्याच झाडांवर. मीठा बहार धरायचा तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी तोडून ताण देऊन पुढे भर उन्हाळ्यात पाणी पुरवावं लागतं, म्हणून ऑक्टोबरचा आकडा बरोबर वेळेला येतो. गेल्या ऑक्टोबरात सरासरी ७.४ आली. नानांनी लावणीचा बेत मोडला. महिनाभर माझ्याशी बोलले मात्र नाहीत.

आता ते शेजारी शेजारी ठेवायच्या आकड्यांचं. वही घेऊन आम्ही तालुक्याच्या एका कचेरीत गेलो. साहेबांनी चहा पाजला, वही चाळली, कौतुकही केलं. मग म्हणाले, "ताई, अधिकृत निरीक्षण विहीर तुमच्या गावात नाही, शेजारच्या गावात आहे. हे आकडे कुठल्या नमुन्यात भरू?" राज्याचे दीड हजारांवर पाणलोट पाडलेले आहेत. आमचा 'बीएम'वाला, म्हणजे भीमेचा. सुरक्षित, अंशतः शोषित, शोषित की अतिशोषित हे त्या अख्ख्या पाणलोटाचं ठरतं. त्यात आमच्या तलावाखालच्या नऊ विहिरी आणि वरच्या तीन सगळ्या सरासरीत विरघळतात. सगळ्या राज्याचा हिशेब करायचा तर असंच करावं लागत असेल, ते मला कळतं. पण २००९ चा भूजल कायदा, जो २०१४ पासून लागू आहे, त्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हटलंय आणि तिच्यावर बंधनं आहेत. आमच्या शिवारात गेल्या उन्हाळ्यात बोअरची गाडी ६०० फुटांवर थांबली. ते कुठल्या नमुन्यात भरलं, ते मी विचारलं नाही. चहा घेतला होता.

तर घ्यावी का? विहिरी असतील तर जरूर घ्या, पण एकट्यानं नको, सात-आठ घरांनी मिळून. एकाच विहिरीचा आकडा फक्त त्या मालकाला घाबरवतो. आमच्या विहिरी ४० ते ५० फुटी, ३० मीटरची टेप पुरली असती, वीस मीटर उगाच वागवतोय. आकडे छापलेले नकोत, कोरलेले घ्या. सेलचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं का, ते दुकानातच बघा. टेपसोबत दोनेकशे रुपयांचं पर्जन्यमापक आणि जाड पुठ्ठ्याची वही घ्या. वही पावसात भिजते, हे मला पहिल्या ऑक्टोबरला कळलं.

तीनाचे साडेचार करते. अर्धा गुण त्या विहिरीत पडलेल्या स्क्रूसाठी कापला आहे.