बारा ब्रिथ: यीस्टचा की चहाचा?

बारा ब्रिथ हा वेल्सचा मनुकांचा ब्रेड. नावातल्या 'बारा'चा आकड्याशी संबंध नाही. वेल्श भाषेत बारा म्हणजे ब्रेड आणि ब्रिथ म्हणजे ठिपकेदार. मनुकांमुळे काप दिसतो तसा. जुनी रीत यीस्टची. आता वेल्समध्ये सेल्फ-रेझिंग पिठाचा (बेकिंग पावडर आधीच मिसळलेल्या मैद्याचा), चहात मनुका भिजवून केलेलाही तितकाच सर्रास होतो. दोन्ही खरेच, पण टिन एकच असेल तर निवडावं लागतं.

चहाचा सोपा, यात वाद नाही. 400 ग्रॅम मनुका-बेदाणे 300 मिली कडक, कोऱ्या, गरम चहात रात्रभर भिजवायचे. सकाळी त्यात 100 ग्रॅम गडद ब्राउन शुगर, एक अंडं, 250 ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ आणि चमचाभर दालचिनी-जायफळ-लवंगेची पूड. 160 अंशांवर तास ते सव्वा तास. लोण्याचा थेंब नाही, तरी गुंडाळून ठेवला तर आठवडाभर मऊ राहतो.

घोडं अडतं ते उरलेल्या चहापाशी. मनुका जुन्या, सुकलेल्या असल्या तर चहा पिऊन टाकतात. ताज्या असल्या तर बराच तळाशी राहतो. तो सगळा ओतला की मिश्रण सैल होतं, मनुका खाली बसतात आणि तळाला चिकट, कच्चट थर राहतो. काडी मध्यापर्यंतच खुपसली तर कोरडी निघते, त्यामुळे कापेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून मनुका गाळून घ्या आणि चहा लागेल तसा चमच्याने घाला. मिश्रण चमच्यावरून जडपणे पडावं, ओघळू नये. इतकं जपूनही थंड लोणी लावताना काप सुरीला चिकटून उचकटतो. आणि बारा ब्रिथ तर लोणी लावूनच खायचा! माझ्या लेखी निकाल तिथेच लागतो.

यीस्टच्या कापावर लोणी कडेपर्यंत सरकतं. पण त्याला वेळ द्यावा लागतो. 350 ग्रॅम ब्रेडचं पीठ, 160 मिली कोमट दूध, अंडं, 50 ग्रॅम साखर, 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, छोटा चमचा मीठ, तोच मसाला. नीट मळून झाल्यावर 50 ग्रॅम मऊ लोणी. साखर, लोणी आणि दालचिनी, तिन्ही यीस्टला मंद करतात, म्हणून पहिलं फुगणं दीड-दोन तासांचं धरा. घड्याळापेक्षा गोळा दुप्पट झाला का ते पाहा. 200 ग्रॅम मनुका अर्धा तास गरम चहात भिजवून, फडक्याने अगदी कोरड्या करून, पहिल्या फुगण्यानंतरच मिसळा. आधी घातल्या तर मळताना फुटतात आणि गोळा काळपट, चिकट होतो. टिनमध्ये पुन्हा तासभर फुगवा. वर डोकावणाऱ्या मनुका आत दाबा, नाहीतर जळून कडू होतात. 190 अंशांवर 40 मिनिटं, अर्ध्या वेळानंतर वर फॉइल.

दुसऱ्या दिवशी हा थोडा कोरडा पडतो, हे मान्य. डब्यात घालून कुणाला पाठवायचा असेल तर चहाचाच बरा. घरी खायचा असेल तर तिसऱ्या दिवशी यीस्टचे जाड काप टोस्ट करा. कडा कुरकुरीत होतात, मनुका आतून गरम आणि मऊ. वर खारं लोणी, तेही जरा सढळ हाताने.