यूव्ही ॲक्रिलिकची फ्रेम: बेळगावात दोन पावसाळे काढल्यावर

सही केलेल्या सेरिग्राफसाठी (जाळीच्या पडद्यातून शाई दाबून छापलेलं चित्र) काचेऐवजी ३ मिमी यूव्ही ॲक्रिलिक, म्हणजे अतिनील किरण अडवणारं पारदर्शक प्लास्टिक घेतलं, त्याबद्दल तक्रार नाही. काचेच्या निम्म्या वजनाचं, पडलं तरी फुटत नाही. मात्र साध्या उजेडानेही रंग उडतो, म्हणून उन्हाच्या भिंतीवर नकोच. पुसायला मऊ, किंचित ओलं कापड. अमोनियाचा स्प्रे मारला की धुरकट होतं.

डोकं फिरलं ते मागच्या पाठीमुळे. फ्रेमवाल्याने ‘सगळं ॲसिड-फ्री’ (आम्ल नसलेलं) म्हणून पैसे लावले आणि ॲसिड-फ्री निघाला फक्त समोरचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. मागे एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंचा बोर्ड! त्यातून आम्ल सुटतं आणि कागद हळूहळू पिवळा पडतो. शिवाय ते ओल धरतं. पहिल्याच श्रावणात कुबट वास आणि एमडीएफवर बुरशी. प्रिंटला चारी कडांनी ब्राऊन टेप मारलेली, त्यामुळे हवेतल्या ओलीने फुगलेल्या कागदाला पसरायला जागा नाही, लाटा आल्या. विचारलं तर म्हणे, ‘सगळे हेच लावतात.’ आम्ल ओळखणाऱ्या पीएच पेनची एक रेघ पुरते: जांभळी आली तर ठीक, पिवळी आली तर पुठ्ठा आम्लाचा. पैसे देण्याआधी पाठ उघडायला लावा.

तेव्हा या फ्रेमला दोन स्टार दिले होते. पाठ बदलल्यावर चार करतोय, कारण दुसऱ्या पावसाळ्यात ना वास, ना डाग. एमडीएफच्या जागी पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकचं पोकळ सनपॅक शीट, आत ॲसिड-फ्री बोर्ड. प्रिंट फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्या आणि गव्हाच्या खळीने टांगलेला. फेव्हिकॉल, सेलोटेप अजिबात नको. कडेने ॲल्युमिनियम टेप, पण हे सीलबंद काम जानेवारी-फेब्रुवारीतच करा. जुलैत केलं तर ओल आतच कोंडते. खालच्या कोपऱ्यांत रबरी बुटं लावा, भिंतीपासून अर्धा सेंटीमीटर हवा खेळते.

पट्ट्यांचा आग्रह किमतीसाठीही आहे. पारखणारा प्रिंट बाहेर काढून पाठ आणि समास बघतो. बोर्डाला चिकटवलेला किंवा माउंटमध्ये बसवायला समास कापलेला प्रिंट असेल तर भाव पडलाच. १० पटीच्या भिंगाखाली शाईचे सपाट थर दिसावेत. रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली तर ते ऑफसेट पोस्टर, मग खाली पेन्सिलची सही खरी असली तरी. टॉर्च तिरपा धरला की पेन्सिल चकाकते, दाबाची खाचही दिसते. आपल्याकडच्या जुन्या घरांत रविवर्मा प्रेसचे (१८९४, मुंबई) ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, सापडतात, त्यांवरची सही चित्राबरोबर छापलेली. ‘सहीचा’ म्हणून जास्त मोजू नका.

अथणीच्या कोरड्या बाजूला साध्या पाठीवरही बरीच वर्षं निघतील. खानापूरकडे मात्र पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळून आतल्या भिंतीवरच टांगा.