ऐंशी रुपयांचं औषध

ठाण्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचला ओट्याशी उभी राहते ती दुपारी दोनला बसते, संध्याकाळी पुन्हा तेच. बावीस वर्षांत डाव्या पोटरीवर गाठाळ निळ्या नसा वर आल्या, घोट्याजवळची कातडी काळवंडली, रात्री गोळे यायला लागले. डॉक्टरांनी व्हेरिकोज व्हेन्स सांगून घट्ट मोजे दिले आणि डॉप्लर, म्हणजे नसांमधलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी, करायला सांगितलं. मोजे घालत होते, डॉप्लर मात्र आज-उद्यावर ढकलत राहिले.

एके दिवशी मंडईबाहेर एका पस्तिशीतल्या बाईने थांबवलं. "ताई, राग मानू नका, तुमच्या पायाकडे लक्ष गेलं. माझ्या आईचं अगदी असंच होतं. ऑपरेशन सांगितलेलं. आता ती आळंदीहून पंढरपूरला पायी जाऊन आली." फोन लावून तिने त्या 'आई'शी बोलणंही करून दिलं. पैशाचा विषय नाही. कागदावर पाच औषधांची नावं आणि दुकानाचा पत्ता लिहून दिला, माझी जड पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली. त्या पिशवीपाशीच माझा विश्वास बसला.

दुकानातल्या माणसाने चिठ्ठी बघून भाव सांगितला, "ऐंशी रुपये." मला वाटलं, पुडीचे. तो एकेका बरणीतून भस्म काढून खलात घालत गेला, घोटत गेला, मध्ये माझ्या घरच्यांची चौकशी करत होता. मग तराजूवर ठेवून म्हणाला, "तीनशे ग्रॅम. ऐंशी रुपये ग्रॅम." म्हणजे २४,००० रुपये! वर तेलाचे ३,६००. नको म्हटलं तर, "तुमच्या नावाने घोटलंय, आता कोण घेणार?" दाराशी दोघं येऊन उभे राहिले. मी घाबरले. भिशीचे आलेले २७,६०० फोनवरून पाठवले. बिल म्हणून मिळालेल्या चिटोऱ्यावर 'वनौषधी' आणि आकडा, एवढंच.

पैशापेक्षा मोठं नुकसान त्याच्या पुढच्या सांगण्याने झालं. मोजे बंद करा म्हणाला, तेल जोर लावून चोळा. मी दीड महिना चोळलं. पाय जास्त सुजला, आधीच पातळ झालेली घोट्याची कातडी फाटली आणि जखमेतून पाणी वाहायला लागलं.

शेवटी भाची सरकारी रुग्णालयात घेऊन गेली. उभं करून डॉप्लर केलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: पायातलं रक्त वर चढवताना ते खाली घसरू नये म्हणून नसांमध्ये झडपा असतात. माझ्या झडपा निकामी झाल्यात, त्यामुळे रक्त घोट्याशी साठतं, नस फुगते, कातडी काळी पडते. झडप पुडीने दुरुस्त होत नाही. खराब नस लेझरने आतून बंद करतात, रक्त दुसऱ्या चांगल्या नसांमधून जातं. त्याआधी पायाला शुद्ध रक्त नीट पोचतंय ना, हे तपासून मगच त्यांनी घट्ट पट्ट्या बांधल्या. पुडी बघून आधी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, कारण अशा बिनलेबलच्या भस्मांत शिसं, पारा असू शकतो.

आयुर्वेदावर माझा राग नाही. आमच्या गल्लीतले वैद्य नाडी बघतात, पथ्य सांगतात, सीलबंद डबी देतात. तिच्यावर कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, मुदत सगळं असतं. रस्त्यात अडवून पाठवलेल्या दुकानात भाव विचारताना 'कशाचे?' हे आधी विचारा आणि खलात काही पडण्यापूर्वी उठा. आईचा फोन ऐकवला तर तिथूनच निघा.

चिटोरं आणि पैसे पाठवल्याची पावती लावून मी पोलिसांत अर्ज दिलाय, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली आहे. दुकानावर आता मोबाइलच्या कव्हरांची पाटी आहे. आठवड्यातून दोनदा पट्टी बदलायला जाते. जखम तळहाताच्या खळगीएवढी होती, ती आता चिंचोक्याएवढी राहिली आहे. ती भरली की लेझरची तारीख मिळेल.