लहान कुरण: मोकळी चराई की आळीपाळीने चराई?

संपूर्ण कुरण गुरांना कायम मोकळे ठेवणे कमी कष्टाचे असते. एक कुंपण आणि पाण्याचा एक हौद पुरतो. मात्र गुरे नुकत्याच फुटलेल्या कोवळ्या गवतावर पुन्हा पुन्हा तोंड मारतात, त्यामुळे मुळांतील अन्नसाठा संपून चांगले गवत विरळ होते आणि नको ते तण माजते. कुरणाचे तुकडे पाडून दर २-३ दिवसांनी गुरे पुढे सरकवली, तर चरलेल्या तुकड्याला हंगामानुसार ३ ते ५ आठवडे विसावा मिळतो. शेणही एकाच सावलीखाली न साचता सर्वत्र पडते. विजेच्या तारेच्या हलत्या कुंपणाचा खर्च वाढतो खरा, पण जमीन मोजकी असताना तो रास्तच वाटतो, अर्थात गवत चरून चार बोटे उंचीवर येताच गुरे हलवण्याची शिस्त पाळली तर.